आवाजाच्या मागाने

लहानपणी आज्जाबरोबर नंदिहळ्ळीच्या बाजूने शेतातून परत येताना एकदा वाट चुकलो होतो. माघातली रात्र, धुके दाटलेले, बांध कुठे आणि पाट कुठे ते कळेना. गावात तेव्हा वीज नावालाच होती. आज्जा थांबला, कान दिला आणि म्हणाला, "हलगी वाजालीया बघ. तिकडं माणसं हाईत." दिसत काहीच नव्हते. पण हलगी एकटी वाजत नसते, तिच्याभोवती माणसे असतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. आवाजाच्या रोखाने चालत गेलो आणि पाव तासात दहा-बारा बिऱ्हाडांच्या उजेडात आलो.

मी इतिहासाचा माणूस. आकाशावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या हायस्कुलातल्या मुलांना घेऊन जुन्नर तालुक्यातील खोडदची महादुर्बीण पाहून आलो, तेव्हापासून आज्जाची ती हलगी डोक्यातून जात नाही. विश्वातल्या अतिदूरच्या वस्त्या, म्हणजे शेकडो दीर्घिकांचे समूह, शास्त्रज्ञांनी शोधले त्यातली एक मोठी रीत हीच आहे. दिसत काही नाही, पण आवाज येतो. त्या रोखाने जायचे. या रीतीचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे आणि त्यातला बराचसा आपल्या मातीत घडला आहे.

सुरुवात मात्र आपल्या राजहंसगडाच्या नावाच्या नक्षत्रात झाली. दिवाळीच्या दिवसांत अंधार पडल्यावर उत्तरेकडे तोंड करून उंच पाहिले, की किंचित पश्चिमेला कललेला हंस दिसतो. पंख पसरलेला, मान लांब केलेला. त्याच्या छातीवरच्या ताऱ्याच्या थोडे पश्चिमेला एक जागा आहे. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. अमेरिकेत ग्रोट रेबर नावाच्या एका हौशी इंजिनियरने १९३७ साली आपल्या घराच्या परसात लोखंडी तबकडी उभारली आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा नकाशा काढायला घेतला. त्या नकाशात हंसाकडची जागा ठळक उठून आली. पुढे ग्रहम स्मिथने केंब्रिजहून १९५१ साली तिचा नेमका पत्ता काढला आणि पालोमरच्या दोनशे इंची दुर्बिणीतून वाल्टर बाडे याने त्या पत्त्यावर छायाचित्र घेतले. पाहतो तर तिथे दीर्घिकांची दाटी, आणि त्या दाटीच्या मध्ये एक विचित्र, दुभंगल्यासारखी दिसणारी दीर्घिका. अंतर सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे.

बाडेने ठरवले, की या दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत आहेत. त्याचा सहकारी रुडॉल्फ मिंकोवस्की याला ते पटेना. दोघांत व्हिस्कीच्या बाटलीची पैज लागली. वर्णपट घेतला, बाडे म्हणत होता तशा रेषा त्यात सापडल्या आणि मिंकोवस्की पैज हरला. १९५४ साली दोघांनी मिळून तो शोध प्रसिद्ध केला. गंमत अशी, की बाडेची टकरीची उपपत्तीच पुढे चूक ठरली. म्हणजे बाटली गेली ती गेलीच!

खरे कारण कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. अशा दीर्घिकेच्या पोटात सूर्याच्या कोट्यवधी पट, कधी अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. भोवतालचा वायू त्यात ओढला जातो, तापतो, आणि त्यातला काही भाग आत न पडता दोन विरुद्ध दिशांना प्रचंड वेगाने फवाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो. हे फवारे दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षे जातात आणि चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे त्यातले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. अशा दीर्घिकेला सक्रिय दीर्घिका म्हणतात. एवढे मोठे कृष्णविवर पोसायला दीर्घिकाही दांडगी लागते, आणि दांडग्या दीर्घिका बहुधा दाट वस्तीच्या मधोमध असतात. म्हणून हलगी आणि वस्ती यांचा संबंध लागतो.

हा संबंध उपयोगी पडेल हे दाखवून दिले ते पैज हरलेल्या मिंकोवस्कीनेच. त्या काळी दीर्घिकांचे समूह डोळ्यांनी शोधत. जॉर्ज एबेल या तरुणाने पालोमरच्या काचा एकेक करून भिंगाखाली तपासल्या आणि १९५८ साली २,७१२ समूहांची यादी छापली. हे काम आमच्याकडच्या जुन्या तलाठ्याच्या चिकाटीचे. पण फार दूरच्या समूहातली दीर्घिका काचेवर धुळीच्या कणाएवढीही उमटत नाही, आणि उमटली तरी अशा लाखो ठिपक्यांतून कोणत्या ठिपक्याकडे दुर्बीण वळवायची? मिंकोवस्कीने रेडिओच्या यादीतून ३सी २९५ हा क्रमांक निवडला. १९६० साल, त्याच्या नोकरीचे शेवटचे दिवस, आणि दोनशे इंची दुर्बिणीवरची त्याची अखेरची पाळी. भूतप नक्षत्रातल्या त्या जागी एका समूहातली दीर्घिका सापडली. तिच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला इतक्या सरकलेल्या होत्या, की प्रकाश निघून पाच अब्ज वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. सरकण्याच्या या प्रमाणाला ताम्रसृती म्हणतात. ते जितके अधिक तितकी दीर्घिका दूर. सर्वांत दूरची दीर्घिका हा तिचा मान पुढे सुमारे पंधरा वर्षे कोणी हिरावला नाही. निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या मास्तराला ही कथा जरा जास्तच आवडते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आणखी एक खूण १९६८ साली सापडली. ययाती नक्षत्रातल्या समूहात एका दीर्घिकेचे दोन्ही फवारे सरळ न जाता एकाच बाजूला मुरडलेले दिसले. निपाणी-चिकोडीकडे गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर वाऱ्याने एका अंगाला वळतो, तसे. धूर वळला म्हणजे वारा आहे. फवारे वळले म्हणजे ती दीर्घिका दाट, तप्त वायूतून धावते आहे, आणि असा वायू समूहाच्या पोटातच साठलेला असतो. त्यामुळे दीर्घिकांचे ठिपके मोजता आले नाहीत, तरी मुरडलेली रेडिओ दीर्घिका दिसली की तिथे समूह असावा असे मानून शोध घेता येतो. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी या एका खुणेवर दूरच्या समूहांची यादी तयार केली आहे.

आता आपल्याकडे येऊ.

गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ सालचा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचा. परदेशात नाव कमावल्यावर होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ साली ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पहिले यंत्र त्यांनी उभारले ते कल्याणला. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्या १९६५ साली तिथे मांडल्या आणि सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. लोकलच्या गर्दीचे कल्याण आपल्याला माहीत आहे. भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राने पहिले पाऊल टाकले ते तिथे, हे किती जणांना माहीत असेल?

दुसरे पाऊल उटीला. विषुववृत्तापासून उटी जितके अंश उत्तरेला, जवळपास तितक्याच अंशांचा उतार असलेली एक टेकडी स्वरूप यांनी शोधून काढली आणि तिच्या अंगावर उत्तर-दक्षिण अशी ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण आडवी घातली. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून तासन् तास एकाच तारकेचा पाठलाग करता येऊ लागला. परावर्तक म्हणून सुमारे १,१०० बारीक पोलादी तारा. १९७० साली ही दुर्बीण सुरू झाली. हा सारा खटाटोप कशासाठी, तर चंद्र दूरच्या रेडिओ दीर्घिकेच्या आड येतो तो क्षण पकडण्यासाठी. चंद्राची कड कोणत्या क्षणी कोठे असते हे गणिताने नेमके ठाऊक असते. त्यामुळे आवाज कधी बंद झाला आणि कसा विरत गेला यावरून ती दीर्घिका कोठे आहे आणि आकाशात केवढी दिसते, हे दोन्ही काढता येते. असे शेकडो उगम उटीला मोजले गेले.

आणि इथे आपल्या कोल्हापूरचा माणूस कथेत येतो. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे ते विद्यार्थी. विश्व आज आहे तसेच सदैव होते, त्याला आरंभ नाही, असा हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धान्त. १९६१ साली मार्टिन राइल यांनी रेडिओ उगमांच्या मोजणीतून जाहीर केले, की दूरवर, म्हणजे भूतकाळात, असे उगम अधिक होते. अर्थात विश्व बदलत आले आहे आणि स्थिर स्थिती चूक. त्याला उत्तर देताना हॉइल आणि विद्यार्थी नारळीकर यांनी एक मुद्दा मांडला, की हे उगम आकाशात सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत, फार मोठ्या पट्ट्यांत कोठे दाटी तर कोठे मोकळीक आहे, आणि त्यामुळेही मोजणी तशी येऊ शकते. त्यांचा सिद्धान्त बहुतेकांनी पुढे सोडून दिला, विशेषतः १९६५ साली विश्वाची पार्श्वभूमी असलेले मंद प्रारण सापडल्यावर. पण मोठ्या पट्ट्यांतल्या असमानतेचा तो मुद्दा खरा निघाला. दीर्घिकांचे समूह, समूहांचे महासमूह आणि मधल्या प्रचंड पोकळ्या आज नकाशावर आहेत.

१९७५ साली स्वरूप आणि विजयकुमार कपाही यांनी उटीच्या मोजमापांवरून दाखवले, की मंद, म्हणजे दूरचे उगम आकाशात ज्या प्रमाणात लहान दिसतात, ते स्थिर विश्वाशी जुळत नाही. नारळीकर तेव्हा त्याच टाटा संस्थेत होते; ते १९७२ सालीच केंब्रिजहून परतले होते. म्हणजे सिद्धान्ताचा कैवारी आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा, दोन्ही एकाच छपराखाली! मला इतिहासात असे प्रसंग फार कमी आढळतात. पराभूत पक्षाची कागदपत्रे जाळण्याचीच आपली सर्वत्र रीत. नारळीकरांनी आपली शंका शेवटपर्यंत सोडली नाही, आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले तोवर ती लपवलीही नाही. त्यांनी १९८८ साली उभारलेली आयुका आणि स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी उभी आहेत.

तिसरे पाऊल खोडदचे. या दुर्बिणीची कल्पना स्वरूप यांनी १९८४ च्या सुमारास मांडली, तेव्हा तिचा एक मुख्य हेतू दीर्घिका समूहांचाच होता. समूह बनण्यापूर्वी हायड्रोजनचे अजस्र ढग असतील, त्यांचा २१ सेंटिमीटरचा मंद सूर विश्वाच्या प्रसरणाने ताणून दीड-दोन मीटरांवर आला असेल, तो ऐकायचा, असा बेत. त्यासाठी कमी कंपनसंख्येची, अतिविशाल आणि तरीही गरीब देशाला परवडणारी दुर्बीण हवी होती. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ठरल्या. त्यांतल्या १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या आत आणि १६ तीन हातांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तबकडीला पत्रा नाही; अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेची जाळी, दोरांनी ताणून आकार दिलेली. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. आमच्या एका पोराने पाहताक्षणी सांगितले, "सर, ही तर मासं धरायची जाळीच की!" २००१ च्या ऑक्टोबरात ती राष्ट्राला अर्पण झाली.

ज्यासाठी ती बांधली ते हायड्रोजनचे ढग मात्र तसे सापडले नाहीत. याबद्दल कोणी लाजत नाही, लाजूही नये. कारण कमी कंपनसंख्येची तीच निवड दुसऱ्या वाटेने कामी आली.

मिरवणूक लांब गेली की ताशाचा कडकडाट आधी विरतो आणि ढोलाचा ठोका तेवढा ऐकू येत राहतो. रेडिओ दीर्घिकांचेही काहीसे तसेच आहे, कारण मात्र वेगळे. अशा दीर्घिकेचा आवाज कमी कंपनसंख्येला मोठा आणि जास्त कंपनसंख्येला पडेल असतो. आणि जसजसे वर जावे तसा तो अधिकच झपाट्याने पडतो. दीर्घिका फार दूर असेल तर प्रसरणामुळे तिचे सगळे सूर खाली सरकतात, आणि आपल्या यंत्राच्या पट्टीत तिचा तो झपाट्याने पडणारा भाग येतो. तेव्हा खालच्या पट्टीत मोठा आणि वरच्या पट्टीत एकदम क्षीण असा उगम दिसला, की तो दूरचा असण्याचा संभव अधिक. १९७९ साली हॉलंडच्या जॉर्ज मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्र पुढे आणले आणि पुढची कित्येक वर्षे सर्वांत दूरच्या दीर्घिका याच चाळणीने मिळाल्या. चाळणीला खालची पट्टी लागते, आणि ती खोडदला आहे. तिथल्या सी. एच. ईश्वरचंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लिंक्स भागाचे १५० मेगाहर्ट्झवर खोल निरीक्षण करून असे उगम निवडले. १५० मेगाहर्ट्झ म्हणजे आपल्या एफएम स्टेशनांच्या थोडे वर.

त्याच पट्टीत २०१० ते २०१२ या काळात खोडदहून जवळजवळ सगळे दिसणारे आकाश, म्हणजे संपूर्ण खगोलाचा ९० टक्के भाग, पालथा घातला गेला. २०१६ साली त्याची यादी सर्वांसाठी खुली झाली. सुमारे ६ लाख २० हजार उगम! हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठात शिकणाऱ्या आयुष सक्सेना याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही यादी चाळली, संशयितांची अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीने झडती घेतली, हवाई बेटावरच्या दुर्बिणीने वर्णपट घेतला आणि २०१८ साली एक अतिदूरची रेडिओ दीर्घिका जाहीर केली. तिचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून अधिक काळ वाटेवर होता.

पण हलगी सापडली म्हणजे जत्रा सापडली असे नव्हे. जाऊन पाहावे लागते. वासुकी नक्षत्रातली एक रेडिओ दीर्घिका याचा उत्तम नमुना. तिच्याभोवती साडेदहा अब्ज वर्षांपूर्वीची लहान-लहान दीर्घिकांची गर्दी सापडली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या हबलच्या छायाचित्रात मधली दीर्घिका जाळ्यातल्या कोळ्यासारखी दिसली, म्हणून तिचे नावही कोळ्याच्या जाळ्यावरून पडले. समूह बांधून होताना पाहायला मिळणे म्हणजे गाव वसताना पाहणे. पुढे स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने सुमारे ४०० दूरच्या रेडिओ उगमांच्या आसपास पाहिले आणि २०१३ साली निष्कर्ष आला, की त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी सर्वसाधारण आकाशापेक्षा दाटी स्पष्ट आहे. आज्जाचा अंदाज याहून वाईट नव्हता.

आम्ही खोडदला गेलो ते २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना प्रवेश असतो म्हणून. फाटकातच मोबाइल बंद करायला सांगितले. मुलांना ते शिक्षेसारखे वाटले. या दुर्बिणीला खरी भीती आपल्या गलबल्याची आहे: मोबाइलचे मनोरे, विजेच्या ठिणग्या. अलीकडे पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग या भागातून नेण्यावरून वाद झाला, दुर्बिणीसाठी मार्ग वळवण्याची भाषा झाली आणि नारायणगावकडचे लोक नाराज झाले. त्यांचे चूक आहे असे मला म्हणवत नाही. भाजीपाला पिकवणाऱ्याला रेल्वे हवी असते, आणि बारा अब्ज वर्षांपूर्वीचा आवाज त्याच्या पोटाला उपयोगी नसतो. पण हे कान एकदा बहिरे झाले, तर तसले दुसरे उभे करायला नवा स्वरूप कोठून आणणार?

माहिती देणाऱ्या तरुणाने हे सारे समजावल्यावर मीही उत्साहाने आज्जाची हलगी मुलांना सांगितली. तेव्हा नववीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, मागून म्हणाली, "सर, ज्या गावात हलगीच न्हाई, त्ये कसं घावायचं?"

मी गप्प. खरे तर हा माझ्याच विषयातला प्रश्न. जुन्या दफ्तरांत नावे सापडतात ती तंटे करणाऱ्या, साऱ्याची सूट मागणाऱ्या गावांची. ज्यांनी कधी अर्ज केला नाही, त्यांच्याबद्दल आम्ही इतिहासवाले चार ओळीही लिहू शकत नाही. आणि तीस वर्षे मी ते शिकवताना हे एकदाही बोललो नव्हतो.

तो तरुण मात्र खूश झाला. म्हणाला, हीच तर आमची अडचण. कृष्णविवर काही कोटी वर्षे गाजते, मग थंडावते. समूह अब्जावधी वर्षे असतो. म्हणजे कोणत्याही वेळी बहुतेक गावे गप्पच. त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. समूहातल्या तप्त वायूचे क्ष-किरण, त्याच वायूची विश्वाच्या पार्श्वभूमीवर पडणारी पुसट सावली, किंवा सरळ एकेका दीर्घिकेचे अंतर मोजून काढलेला नकाशा. पुण्याच्या जयदीप बागची, शिशिर संख्यायन आणि सोमक रायचौधुरी यांच्या गटाने २०१७ साली चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा सरस्वती महासमूह शोधला, तो अशा नकाशातूनच. त्यात ४३ समूह आहेत. आयुकाच्या नावावरचा हा शोध. हॉइलबरोबर दाटी-मोकळिकीचा मुद्दा मांडणारे तिचे संस्थापक नारळीकर तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

परतताना कोल्हापूर मागे पडले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मुले झोपली होती. ती मुलगी खिडकीशी जागी होती. निपाणीच्या अलीकडे तिने विचारले, की त्या सावलीवाल्या रीतीत दूरचे गाव आणि जवळचे गाव सारखेच दिसते का. मला माहीत नव्हते. सकाळी खोडदला पत्र लिहितो, असे मी तिला सांगितले, आणि लिहिलेही.